सिनेटरची उत्तरं कोण लिहायचं

बहारीनच्या अदलिया भागातल्या त्या बंगल्यात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा साहेबांनी माझा टायपिंगचा स्पीड विचारला नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "ही बाहेर फार बोलते का?"

नवरा म्हणाला, "नाही सर, इथे तिच्या ओळखीचं कोणीच नाही."

हे खोटं होतं. हूऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर ओळखीची माणसं होती, आणि खालच्या किराणा दुकानात तर माझी मुलगी कुठल्या विषयात नापास झाली तेही सगळ्यांना ठाऊक असायचं. पण साहेबांना उत्तर आवडलं आणि काम मला मिळालं.

ही नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. नवरा एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर होता. त्या बंगल्याचा कॉम्प्रेसर बदलायला गेला असताना साहेबांनी त्याला विचारलं होतं की इंग्रजी टाइप करणारी, घरीच असणारी कोणी बाई मिळेल का. मी अकोल्याच्या इन्स्टिट्यूटमधून इंग्रजी चाळीसची परीक्षा पास झालेली, लग्नाआधी दोन वर्षं एका वकिलाकडे काम केलेलं. बहारीनला आले ती फॅमिली व्हिसावर. त्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. म्हणून हे काम आम्ही दोघांनी कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं. साहेबांनाही कोणाला कळायला नको होतं. त्यांचं कारण मात्र मला माहीत नव्हतं.

साहेब अमेरिकन, सत्तरी ओलांडलेले. बायको वारलेली. जावई मनामातल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, म्हणून ते मुलीकडे येऊन राहिलेले. त्याआधी, पन्नास-साठच्या दशकांत, वीसेक वर्षं ते अमेरिकेत एका सिनेटरच्या ऑफिसात होते. सिनेटर म्हणजे आपल्याकडच्या राज्यसभेच्या खासदारासारखा, पण वजन त्याच्या कितीतरी पट. हा सिनेटर दक्षिणेकडच्या एका राज्याचा, पक्का जुन्या वळणाचा, चर्च आणि शेतकरी आणि कमी सरकार मानणारा. तो वारून काही वर्षं झाली होती. त्याच्या राज्यातलं एक कॉलेज लायब्ररीला त्याचं नाव देणार होतं आणि त्या वेळी त्याचं चरित्र छापणार होतं. ते लिहायचं काम साहेबांकडे आलं होतं. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून ते मजकूर छोट्या टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवायचे आणि मी कानाला हेडफोन लावून तो कॉम्प्युटरवर टाइप करायचे.

पहिल्या आठवड्यातच मला त्यांची रीत कळली. कॅसेटींवर नंबर असायचे आणि मी निघताना साहेब बोट ठेवून सगळ्या मोजून घ्यायचे. फ्लॉपी स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवायचे. खोलीत एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात सिनेटरच्या पत्रव्यवहाराच्या कार्बन प्रती. ती उघडताना ते माझ्याकडे पाठ करायचे. टोपलीतले खराब कागद घरच्या नोकराला न देता स्वतः अंगणातल्या डब्यात जाळायचे.

मी घरी आल्यावर हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मले या मानसाचा भरोसा वाटत नाही. एवढं लपवाले त्याच्यात आहे काय?"

"म्हातारपण असेल," मी म्हटलं.

"म्हातारपण नाही हे. तू आपलं काम कर आन् घरी ये. त्याचे कागद वाचत बसू नको."

"वाचल्याशिवाय टाइप कसं करू?"

त्या दिवसांत बहारीनमध्येही वातावरण बरं नव्हतं. गावांकडे सरकारविरुद्धच्या निदर्शनांत टायर जळायचे, नाक्यांवर गाड्या थांबवून सीपीआर कार्ड, म्हणजे आमचं ओळखपत्र, बघायचे. नवऱ्याच्या कंपनीतल्या एका माणसाच्या गाडीत छापील कागद सापडले म्हणून त्याला दोन दिवस बसवून ठेवलं होतं. ते कागद निघाले फ्रीजच्या माहितीपत्रकाचे. त्यामुळे कागद म्हटलं की नवऱ्याच्या कपाळावर आठी यायची.

सिनेटर मला सुरुवातीला आवडला होता, हे कबूल करायला हवं. बाप पिठाची गिरणी चालवायचा. हा लहानपणी पोती उचलून शाळेत जायचा. निवडून आल्यावरही राज्यातल्या कुठल्याही विधवेचं पत्र आलं तर तिच्या पेन्शनसाठी खात्यामागे लागायचा. सरकारी गाडी नको म्हणायचा. मी ते टाइप करताना मनात म्हणायचे, असा एखादा आमच्या अकोल्याला मिळाला असता तर बरं झालं असतं.

मग तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापासून एक शब्द वारंवार येऊ लागला. राज्यांचे हक्क. सिनेटर राज्यांच्या हक्कांसाठी झगडला. सिनेटरने राज्यांच्या हक्कांसाठी अमुक कायद्याला विरोध केला, तमुक कायद्यावर तासन् तास भाषण केलं. मी टाइप करत गेले. एक दिवस मी हेडफोन काढला आणि विचारलं, "सर, हक्क कसला? काय करायचा हक्क?"

साहेब म्हणाले, "आपला कारभार आपण पाहायचा हक्क. दिल्लीने तुमच्या गावात येऊन नाक खुपसलं तर तुला आवडेल का?"

मला माझे वडील आठवले. ते आमच्या गावच्या ग्रामपंचायतीचे राखीव जागेवरचे सदस्य होते. सभेला गेले की त्यांना ओट्याखाली उभं ठेवायचे. सभा आत व्हायची आणि संपल्यावर शिपाई रजिस्टर बाहेर आणून त्यांची सही घ्यायचा. वडिलांनी एकदा तहसीलदाराकडे अर्ज केला, तेव्हा सरपंच दारात येऊन म्हणाला होता, "गावचा कारभार गाव पाहते. बाहेरच्याले काहून मधात आणता?" मी तेव्हा दहा वर्षांची असेन. वडिलांनी अर्ज मागे घेतला.

मी साहेबांना हे काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "कोणाच्या गावात, त्यावर आहे, सर." त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्या दिवसापासून मी टाइप करताना ते शेजारच्या खोलीत न जाता माझ्यामागे खुर्ची टाकून बसू लागले.

आणि मीही तेव्हापासून प्रत्येक वाक्याकडे संशयाने बघू लागले. "काही नागरिकांनी नाराजी व्यक्त केली" असं आलं की मनात यायचं, कोणते नागरिक? "मतदार याद्यांबाबत किरकोळ तक्रारी होत्या" असं आलं की किरकोळ कोणाला, असं वाटायचं. त्या राज्यात काळे लोक कितीतरी, पण त्यांचा उल्लेख दीडशे पानांत दोनदा आला होता. एकदा सिनेटरच्या घरच्या स्वयंपाकिणीचा, तिच्या हातचा ॲपल पाय फार चांगला व्हायचा म्हणून. एकदा अंत्ययात्रेत, तेही रडत होते म्हणून.

पुढचं प्रकरण होतं सिनेटर आणि सामान्य माणूस. त्यासाठी साहेबांनी पेटीतून पंधरा-वीस उत्तरांच्या कार्बन प्रती काढून दिल्या. सिनेटरने लोकांना लिहिलेली पत्रं म्हणून त्यातली निवडक छापायची होती. पत्रं गोड होती. कोणाच्या नातवाला आशीर्वाद, कोणाच्या गाईची चौकशी. पण मी वकिलाकडे काम केलेली बाई. पत्राचा कागद हातात आला की माझी नजर खाली डाव्या कोपऱ्यात जाते. तिथे मजकूर सांगणाऱ्याची आद्याक्षरं मोठ्या लिपीत आणि टाइप करणाऱ्याची लहान लिपीत टाकायची पद्धत असते, आम्हाला इन्स्टिट्यूटमध्ये तसंच शिकवलं होतं. या सगळ्या पत्रांखाली मोठी अक्षरं एकाच माणसाची होती, आणि ती सिनेटरची नव्हती. साहेबांची होती.

सिनेटरची सगळी पत्रं साहेब लिहायचे, तर.

यात गुन्हा काहीच नव्हता. मोठ्या माणसांची पत्रं दुसरेच लिहितात. पण प्रस्तावनेत मीच टाइप केलं होतं की सिनेटर प्रत्येक पत्राला स्वतः उत्तर देत असे.

त्याच आठवड्यात ती कॅसेट आली. साहेब आधी नेहमीच्या आवाजात बोलत होते. मग म्हणाले, आता एक पत्र वाचतो. पत्र एका काळ्या शाळामास्तरणीचं होतं. ती सात वर्षं दरवर्षी सिनेटरला एकच पत्र लिहीत होती. मतदार यादीत नाव घालायला गेली की तिथला कारकून तिला राज्याच्या घटनेतला एक परिच्छेद वाचून समजावून सांगायला लावायचा आणि चूक म्हणून परत पाठवायचा. तिने लिहिलं होतं, "हाच परिच्छेद मी सातवीच्या वर्गाला शिकवते. ज्याने मला नापास केलं त्याला तो ओळीवर बोट ठेवल्याशिवाय वाचता येत नव्हता. मी तुमच्याकडे मेहेरबानी मागत नाही. मी फक्त विचारते की मी कुठे चुकले ते मला लिहून कळवावं."

त्यानंतर टेपवर बराच वेळ काही नव्हतं. साहेबांचा श्वास ऐकू यायचा आणि एकदा पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी उत्तर वाचलं. तीन ओळी होत्या. आपलं पत्र मिळालं, सिनेटरनी त्याची नोंद घेतली आहे, हा विषय राज्याच्या अखत्यारीतला असल्याने संबंधितांशी संपर्क साधावा.

मी टाइप केलं. कागद प्रिंटरमध्ये तिरका गेला म्हणून एक प्रत वाकडी आली, दुसरी सरळ काढून मी ती त्यांच्या टेबलावर ठेवली. साहेब तेव्हा अंगणात कागद जाळत होते. वाकडी प्रत माझ्या पिशवीत गेली. अशा पाठकोऱ्या कागदांवर माझी मुलगी गणितं करायची. टोपलीत पडायच्या आधी दोन-चार कागद मी नेहमीच उचलायचे, आणि ते कागद नेणं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला साहेब म्हणाले, "ते पत्राचं पान काढून टाक. ते माझ्याकडून चुकून बोललं गेलं."

मी फ्लॉपीवरून ते पान पुसलं. त्यांनी कॅसेट हातात घेतली, आतली फीत ओढून काढली आणि खिशात कोंबली. मास्तरणीचं मूळ पत्रही त्यांनी माझ्यासमोरच फाडलं. मग विचारलं, "तू इथून कधी काही कागद नेलेस?"

"नाही सर," मी म्हटलं. त्या क्षणी मला खरंच आठवलं नाही.

घरी आल्यावर आठवलं. मुलीच्या दप्तरात ते पान होतं, मागच्या बाजूला भागाकार. मी तिला विचारलं, "हे कोणाला दाखवलंस?" ती म्हणाली, "नो मम्मी, इट्स जस्ट रफ वर्क."

नवऱ्याने पान वाचलं. हळूहळू, एकेक ओळ. वाचून झाल्यावर म्हणाला, "बाई खरी होती." आणि लगेच म्हणाला, "फाडून टाक. आपल्या घरात नको हे."

मी फाडलं नाही. गाद्यांच्या खाली ठेवलं. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं.

महिनाभराने बंगल्यावर गेले तर साहेब दारातच उभे होते. हातात एक फॅक्स. कॉलेजकडून आला होता. त्या मास्तरणीच्या भाचीने चरित्राची बातमी वाचून कॉलेजला लिहिलं होतं की मावशीला सिनेटरच्या ऑफिसातून आलेली सातही उत्तरं आमच्याकडे आहेत, पण मावशीने काय लिहिलं होतं ते आम्ही कधी वाचलं नाही. पुस्तकात ते येणार आहे का?

"कोणाला सांगितलंस तू?" साहेबांनी विचारलं.

"सर, मी अकोल्याची. अमेरिकेतली कोणाची भाची मला कशी माहीत असणार?"

"तू मला पहिल्यापासून प्रश्न विचारत होतीस. तुला कोणी पाठवलं?"

मला हसू यायला हवं होतं, पण भीती वाटली. त्यांच्या जावयाने एक फोन केला असता तर आमचा व्हिसा गेला असता. मी म्हटलं, "मला कोणी पाठवलं नाही. तुम्ही माझ्या नवऱ्याला विचारलंत म्हणून मी आले." त्यांनी दार लावून घेतलं. मी उन्हात टॅक्सी शोधत मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेले.

तीन आठवडे काही झालं नाही. जिन्यात कोणाचा अनोळखी पाय वाजला की मी दाराच्या भिंगातून बघायचे. किराणावाल्याने सहज विचारलं, "आजकल काम पे नहीं जाते, भाभी?" तेव्हा मला कळलं की आमचं गुपित फक्त आम्हा दोघांनाच गुपित वाटत होतं.

मग एका गुरुवारी दुपारी साहेब स्वतः आमच्या दारात आले. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. तीन मजले चढून आल्याने त्यांना बोलता येईना. मी पाणी दिलं. गुरुवारची अर्धी सुट्टी म्हणून नवरा घरीच होता, तो उभाच राहिला. शेजारच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालेलं मला दिसत होतं.

साहेबांची नजर भिंतीवर गेली. तिथे निळ्या सुटातली तसबीर होती, हार घातलेली. त्यांनी विचारलं, "हे कोण?"

नवरा म्हणाला, "आमची घटना ज्यांनी लिहिली ते."

साहेबांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ते पान. तुझ्याकडे असेल तर मला हवं आहे. मूळ मी फाडलं, बाकीची सहा ठेवलीच नव्हती. माझं उत्तर मला तोंडपाठ आहे. तिचं पत्र मला आठवत नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे. मला वाटलं, हा सापळा आहे. मी हो म्हटलं की चोर ठरेन. हे पानही जळेल आणि वर आमची तक्रार होईल.

"माझ्याकडे काही नाही, सर," मी म्हटलं.

ते उठले. जिना उतरताना भिंतीला हात लावत, एकेक पायरी उतरत होते. नवरा म्हणाला, "बरं केलं तू." पण रात्रीचं जेवण त्याने नीट केलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच बोलला, "त्याले खरंच पायजे होतं की काय?"

"मलाही तेच वाटतंय."

"मंग?"

शनिवारी मी पान पिशवीत घालून अदलियाला गेले. वाटेत झेरॉक्सचं दुकान होतं. मी आत गेले, रांगेत उभी राहिले, आणि दुकानदार वाचेल या भीतीने परत बाहेर आले. तो मूर्खपणा मला अजून डाचतो.

साहेबांनी पान दोन्ही हातांनी धरलं. वाचलं. पालथं करून भागाकार पाहिले आणि म्हणाले, "यातला एक चुकलाय."

मी विचारलं, "सर, सिनेटरनी हे पत्र पाहिलं होतं का? खाली अक्षरं तुमची असतात. मला माहीत आहे."

त्यांनी पान टेबलावर सरळ करून ठेवलं. "पहिल्या वर्षी दाखवलं," ते म्हणाले. "तो म्हणाला, काय लिहायचं ते तुला माहीत आहे. आणि मला माहीत होतं. नंतरची सहा मी दाखवलीसुद्धा नाहीत."

"मग पुस्तकात काय येणार?"

"हे येईल. आणि एक प्रत तिच्या भाचीला जाईल."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. ते खरं बोलत आहेत असं मला वाटलं. पण वीस वर्षं दुसऱ्याच्या नावाने गोड पत्रं लिहिलेला माणूस आहे, हेही डोक्यातून जाईना. मला कामावर परत बोलावतील असं वाटलं होतं, तसं त्यांनी काही म्हटलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते अमेरिकेला परत गेल्याचं नवऱ्याला कंपनीतून कळलं. बंगल्यात दुसरे भाडेकरू आले.

पुस्तक दीडेक वर्षाने नवऱ्याच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर आलं. पाठवणाऱ्याचं नाव कॉलेजचं. आत चिठ्ठी नव्हती. मी आधी मास्तरणीला शोधलं. ती एका परिच्छेदात होती. एका शिक्षिकेने मतदार यादीबाबत अनेक वर्षं पत्रव्यवहार केला, तिला दिलेली उत्तरं अपुरी होती, असं लिहिलं होतं. अपुरी हा शब्द माझ्या टायपिंगमध्ये कुठेच नव्हता, तो त्यांनी नंतर घातला होता. तिचं नाव होतं. तिचं पत्र नव्हतं. उत्तरं कोणी दिली तेही नव्हतं. प्रस्तावनेतलं ते वाक्य मात्र निघालं होतं, सिनेटर प्रत्येक पत्राला स्वतः उत्तर देत असे ते.

नवरा म्हणाला, "अर्धं तरी आलं." मला अजून ठरवता येत नाही की साहेबांनी जेवढं जमलं तेवढं केलं, की कॉलेजने कापलं, की माझं पान त्यांनी अंगणातल्या डब्यात टाकलं आणि एका शब्दाने मन हलकं करून घेतलं. भाचीला प्रत मिळाली का, हे विचारायला माझ्याकडे पत्ता नव्हता. कॉलेजचा होता. पण तिथे पत्र लिहायचं म्हणजे मी कोण, बहारीनमध्ये काय काम करत होते, हे सगळं सांगावं लागलं असतं. मी लिहिलं नाही.

त्या एप्रिलमध्ये जयंतीला आमच्या लोकांची पन्नासेक माणसं एका हॉलमध्ये जमली. वंदना झाली, भाषणं झाली, बायकांपैकी कोणीतरी बोला म्हणून माझ्याकडे माइक आला. दरवर्षी मी जे बोलायचे ते न बोलता मी त्या मास्तरणीबद्दल सांगितलं. तिचं नाव सांगितलं. पत्रातलं जेवढं आठवत होतं तेवढं मराठीत सांगितलं, तो बोट ठेवून वाचणारा कारकून, ते "मी कुठे चुकले ते लिहून कळवा". माझी मुलगी पहिल्या रांगेत होती, पहिल्यांदाच ती माझं मराठी लक्ष देऊन ऐकत होती.

खाली बसल्यावर बँकेत काम करणारे एक गृहस्थ जवळ आले. चांगला शिकलेला माणूस. म्हणाले, "ताई, बोललात छान. पण हे कुठे छापून आलंय? काही पुरावा?"

मी म्हटलं, "छापून नाही आलं. मी टाइप केलं होतं."

ते हसले, चहाचा कप उचलला आणि पलीकडच्या टेबलाकडे गेले.